यवनांचे दोन वर्ण आणि पाचव्याचा प्रश्न

१

मराठवाड्यातील दलित समाजाच्या पहिल्या पदवीधर पिढीचे नाते एका ग्रीक राजाशी जोडलेले आहे, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे त्या महाविद्यालयाचे नाव ‘मिलिंद’ झाले आणि परिसराचे ‘नागसेनवन’. मिलिंद म्हणजे मिनँडर. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा, सागल (आजच्या पाकिस्तानातील सियालकोट) ही राजधानी असलेला यवन राजा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भदन्त नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारतो. वाद सुरू होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतात. चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांचे म्हणणे खोडून काढले तरी ते रागावत नाहीत. राजांचे म्हणणे खोडले की ते दंड करतात. राजा ही अट मान्य करतो. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याची मुले प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाच्या महाविद्यालयात शिकली, हा केवळ नामकरणाचा भाग नाही. त्यामागे एक इतिहासदृष्टी आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. ग्रीक संस्कृतीचा पाठ आमच्याकडे ठरावीक पद्धतीने शिकवला जातो. अथेन्स म्हणजे लोकशाहीची जननी, पेरिक्लीसचा सुवर्णकाळ, पार्थेनॉनचे शिल्प, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, आणि शेवटी ‘ग्रीकांची जगाला देणगी’ यावर टीप. या पाठात दासाच्या वाट्याला दोन ओळी येतात. दुसऱ्या बाजूला आपल्याकडील अभिमानी मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, ग्रीकांचे कौतुक कशाला, आमच्या वैशालीत आणि कपिलवस्तूत गणराज्ये होतीच. ही दोन्ही माणसे एकमेकांशी भांडताना दिसतात. परंतु दोघांच्याही इतिहासातून एकच माणूस गायब असतो. अथेन्सच्या सभेबाहेर खाणीत राबणारा दास पहिल्याला दिसत नाही आणि गणराज्याच्या संथागाराबाहेर राबणारा दास-कम्मकर दुसऱ्याला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, ग्रीक समाजाकडे आपल्या बाजूने पाहण्याची एक परंपरा आपल्यापाशी फार पूर्वीपासून आहे. बुद्धाने ग्रीक समाजाचा दाखला देऊन चातुर्वर्ण्याला प्रश्न विचारला आहे. व्याकरणकारांनी त्याच ग्रीकांना वर्णव्यवस्थेत जागा करून दिली आहे. आणि तेच ग्रीक सह्याद्रीच्या लेण्यांत दान देणारे म्हणून आपल्याला भेटतात. या तीन गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या म्हणजे ग्रीकांविषयी जितके कळते, त्याहून अधिक आपल्याविषयी कळते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. ‘यवन’ हा शब्द मराठी बखरींत मुसलमानांसाठी वापरला गेला आणि अजूनही तसा वापरला जातो. प्राचीन लेखांतील यवन किंवा पाली-प्राकृतातील योन म्हणजे ग्रीक. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराण्यांमार्फत हा शब्द आपल्याकडे आला.

२

प्रथम अथेन्सची व्यवस्था पाहू. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोनने कर्जे रद्द केली आणि कर्जापायी अथेन्सच्या माणसाला दास करण्याची प्रथा बंद केली. इ.स.पू. ५०८ मध्ये क्लेइस्थेनीसने जुन्या कुळांची सत्ता मोडण्यासाठी नागरिकांची १० नव्या गणांत विभागणी केली. माणसाची नोंद त्याच्या घराण्यावरून न होता त्याच्या वस्तीवरून होऊ लागली. प्रत्येक गणातून चिठ्ठ्या टाकून ५० असे ५०० जणांचे मंडळ निवडले जाई. निक्स नावाच्या टेकडीवर सर्व नागरिकांची सभा भरे आणि कोणाला बोलायचे आहे असा पुकारा होई. दरवर्षी ६ हजार नागरिक चिठ्ठ्या टाकून न्यायदानासाठी निवडले जात. पेरिक्लीसने या कामासाठी रोजचा भत्ता सुरू केला. मजुरी बुडवून गरीब माणूस न्यायालयात बसू शकत नाही, हे त्याने ओळखले होते. चांभार, कुंभार, नावाडी हे नागरिक असतील तर सरदाराच्या बरोबरीने हात वर करून मत देत. ही गोष्ट लहान नाही. आपण तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

पण नागरिक कोण? इ.स.पू. ४५१ मध्ये त्याच पेरिक्लीसने कायदा केला की, आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. म्हणजे क्लेइस्थेनीसने घराण्याचे महत्त्व कमी केले आणि पेरिक्लीसने जन्माचे महत्त्व पुन्हा आत आणले. स्त्रीच्या पोटी नागरिक जन्मत असे, परंतु ती स्वतः सभेत जाऊ शकत नसे. बाप, नवरा किंवा मुलगा हाच तिचा पालक. पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहून व्यापार-उद्योग करणारे परके रहिवासी, ज्यांना मेटिक म्हणत, ते कर भरत, लढाईला जात, पण त्यांना मत नव्हते. आणि या सर्वांच्या खाली दास होते. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस झालेल्या मोजणीत २१ हजार नागरिक आणि १० हजार मेटिक अशी नोंद आहे. त्याच नोंदीतील दासांचा ४ लाखांचा आकडा आजचे अभ्यासक अतिशयोक्त मानतात. तथापि दासांची संख्या फार मोठी होती, याविषयी दुमत नाही.

लॉरिअन येथील चांदीच्या खाणी दासांच्या श्रमावर चालत. निकिआस नावाच्या सेनापतीचे १ हजार दास या खाणींत भाड्याने दिलेले होते. दर दासामागे त्याला रोज एक ओबोल मिळे. याच खाणीच्या चांदीतून अथेन्सने जहाजे बांधली आणि इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव केला. त्या विजयाने अथेन्सची लोकशाही स्थिर झाली. लोकशाहीच्या पायाखाली खाण होती आणि खाणीत माणूस होता. त्या माणसाची साक्ष न्यायालयात घ्यायची असेल तर छळ करूनच घ्यावी, असा नियम होता. मार खाल्ल्याशिवाय दास खरे बोलत नाही, ही त्यामागची समजूत.

असे असूनही अथेन्सच्या दासप्रथेत एक गोष्ट अशी आहे की, जी आपल्याला थांबून पाहावी लागते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अक्रोपोलिसवर एरेक्थिऑन या मंदिराचे काम चालले होते. त्याच्या हिशेबाचे शिलालेख सापडले आहेत. त्यावरून दिसते की, खांब घडवणाऱ्या एकाच टोळीत नागरिक, मेटिक आणि दास एकत्र काम करत होते आणि तिघांची मजुरी रोजाला एक द्राख्मा अशी सारखी होती. दासाची मजुरी मालकाच्या खिशात जाई, हे खरे. पण देवाचे घर बांधताना त्याचा हात लागल्याने दगड विटाळत नव्हता. त्याच काळातील एक उमराव लेखक तक्रार करतो की, अथेन्सच्या रस्त्यावर दास बाजूला सरत नाही आणि कपड्यांवरून दास कोण, नागरिक कोण हे ओळखू येत नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातील एका कायद्यानुसार बाजारातील चांदीची नाणी खरी की खोटी हे ठरवण्याचे काम एका सार्वजनिक दासाकडे होते. त्याने खरे ठरवलेले नाणे नाकारणाऱ्या व्यापाऱ्याचा माल जप्त होई. आणि हाच दास कामात चुकला तर त्याला ५० फटके मारावेत, असेही तोच कायदा सांगतो. त्याचा शब्द नागरिकावर बंधनकारक, पण त्याची पाठ मात्र त्याची स्वतःची नाही.

पासिओन नावाचा एक दास सावकारी पेढीवर कामाला होता. मालकाने त्याला मुक्त केले, तो त्या पेढीचा मालक झाला, शहराला त्याने मोठ्या देणग्या दिल्या आणि अथेन्सने त्याला नागरिकत्व दिले. त्याचा मुलगा अपोलोडोरस न्यायालयात भाषणे करत असे. असे पासिओन फार थोडे. मुक्त झालेला बहुतेक दास मेटिकच राही. पण दार अरुंद असले तरी होते.

स्पार्टात ते दारही जवळजवळ बंद होते. तेथील हेलट हे जमिनीला बांधलेले जिंकलेले लोक. दरवर्षी अधिकारपदावर येणारे एफोर त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारत, म्हणजे हेलटाला ठार मारले तरी पाप लागू नये. परंतु हेलट झाले म्हणून माणसे संपली नाहीत. मेसेनियाच्या हेलटांनी बंडे केली आणि इ.स.पू. ३६९ मध्ये थीब्जच्या एपामिनोंडासने स्पार्टाचा पाडाव केल्यानंतर ते स्वतंत्र झाले. अथेन्सचे दासही गप्प नव्हते. इ.स.पू. ४१३ नंतर शत्रूचा तळ जवळ पडताच २० हजारांहून अधिक दास पळून गेले, असे थ्युसिडिडीसने नोंदवले आहे. त्यांतले बरेचसे कारागीर होते.

३

आता हाच समाज भारतातून कसा दिसत होता ते पाहू. मज्झिमनिकायात ‘अस्सलायन सुत्त’ आहे. श्रावस्तीला जमलेले ५०० ब्राह्मण १६ वर्षांच्या अस्सलायन नावाच्या हुशार तरुणाला बुद्धाशी वाद करायला पाठवतात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला, असा त्याचा पक्ष. बुद्ध त्याला अनेक प्रश्न विचारतो. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांसारख्याच गर्भवती होतात आणि बाळंत होतात की नाही? चांडाळाने एरंडाच्या लाकडातून पेटवलेल्या अग्नीची ज्योत आणि ब्राह्मणाने चंदनातून पेटवलेल्या अग्नीची ज्योत यांत फरक असतो काय? आणि या प्रश्नांत एक प्रश्न भूगोलाचा आहे. योन आणि कंबोज या सीमेवरच्या देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास; तेथे आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? अस्सलायन कबूल करतो की, होय, ऐकले आहे.

या प्रश्नाचे मोल लक्षात घेतले पाहिजे. बुद्ध योन समाजाची स्तुती करत नाही. तेथे दास आहेत हे तो प्रथमच सांगतो. त्याचा मुद्दा वेगळा आहे. चार वर्ण जर ब्रह्म्याने निर्माण केले असतील तर ते सगळ्या पृथ्वीवर हवेत. एका देशात चार आणि दुसऱ्या देशात दोन, एका ठिकाणी ते कायमचे आणि दुसऱ्या ठिकाणी बदलणारे, असे असेल तर ते देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेले आहेत. आणि माणसाने केलेले माणूस मोडू शकतो. समाजाची तुलना करून त्याची चिकित्सा करण्याचे जे शास्त्र आज विद्यापीठांत शिकवले जाते, त्याचा हा फार जुना नमुना आहे. हे सुत्त बुद्धाच्या नंतरच्या काळात सिद्ध झाले असे मानले, तरी युक्तिवादाचे बळ कमी होत नाही.

सम्राट अशोकाच्या १३ व्या शिलालेखातही याला दुजोरा मिळतो. ब्राह्मण आणि श्रमण हे वर्ग नाहीत असा देश योनांखेरीज दुसरा नाही, असे अशोक म्हणतो. कंदाहारला अशोकाचा ग्रीक आणि अरामी अशा दोन लिपींतला लेख १९५८ मध्ये उजेडात आला. म्हणजे ग्रीक प्रजेशी राजा तिच्या भाषेत बोलत होता.

उलट बाजूने मेगॅस्थेनिस पाटलिपुत्राला आला. त्याने लिहिलेला मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून तो कळतो. भारतात सर्व लोक स्वतंत्र आहेत, येथे दास नाहीत, असे त्याने लिहिले. ते खरे नव्हते. पाली वाङ्मयात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांचे कितीतरी उल्लेख आहेत. पण ग्रीक माणसाच्या डोळ्यांपुढे दास म्हणजे खाणीतला, बाजारात विकला जाणारा माणूस होता. तसा तो येथे त्याला ठळकपणे दिसला नसावा. त्याला दिसले ते असे की, समाजाचे सात वर्ग आहेत, एका वर्गातील माणूस दुसऱ्या वर्गात लग्न करू शकत नाही आणि आपला धंदाही बदलू शकत नाही. जे दिसले ते त्याने नोंदवले, पण ती गुलामगिरी आहे हे त्याला कळले नाही. साखळी दिसत नव्हती म्हणून त्याने माणसाला स्वतंत्र म्हटले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हेच नाव दिले आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हा मेगॅस्थेनिसची ही चूक दुरुस्त झाली असे म्हणता येईल.

मागे वर्गात हा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, मग गुलाम बरा होता की आपण?” प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नाही. दासाला विकता येत होते, आपल्याला विकत नव्हते. दासाला छळून साक्ष घेत. दासाचे लेकरू मालकाचे होई. असे जिणे कोणी ‘बरे’ म्हणू नये. परंतु दास मालकाच्या घरात शिरे, त्याचे अन्न रांधी, त्याच्या मुलांना सांभाळी आणि शाळेत पोचवी. माझ्या आजोबांच्या पिढीत गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळी कपबशी होती आणि ती धुऊन ठेवण्याचे कामही आमच्याचकडे होते. बाबासाहेबांनी हा फरक नेमका दाखवला आहे. दास ठेवावा की न ठेवावा हे मालकाच्या मर्जीवर असे, त्याची सक्ती नव्हती. अस्पृश्यता पाळण्याची मात्र सवर्णावर धर्माचीच सक्ती होती. दयाळू मालक दासाला मुक्त करू शके. दयाळू सवर्णाने अस्पृश्याला जवळ केले तर तोच वाळीत पडे.

४

ही सक्ती कशी काम करते, हे पतंजलीच्या महाभाष्यात स्पष्ट दिसते. पतंजलीचा काळ इ.स.पू. दुसरे शतक, म्हणजे मिनँडरचाच. यवनांनी साकेताला वेढा घातल्याचे उदाहरण तो व्याकरणात देतो, आणि तेही आपल्या हयातीत घडलेल्या घटनेसारखे. म्हणजे यवनांचे सैन्य त्या वेळी गंगेच्या खोऱ्यापर्यंत येऊन ठेपले होते.

पाणिनीचे एक सूत्र शूद्रवाचक शब्दांच्या समासाविषयी आहे. जे शूद्र ‘अनिरवसित’ म्हणजे बाहेर न काढलेले आहेत, त्यांच्या नावांचा समास एकवचनी होतो. मग बाहेर काढलेले म्हणजे कुठून बाहेर? पतंजली एकेक अर्थ तपासतो. आर्यावर्तातून बाहेर म्हणावे, तर शक आणि यवन बाहेरचे असूनही त्यांचा समास एकवचनी होतो. आर्यांच्या वस्तीतून बाहेर म्हणावे, तर चांडाळ आणि मृतप मोठ्या वस्त्यांतूनही राहतात. यज्ञकर्मातून बाहेर म्हणावे, तर सुतार, लोहार, धोबी, कोष्टी यांची अडचण येते. शेवटी तो निर्णय देतो की, बाहेर म्हणजे भांड्याबाहेर. ज्यांनी जेवलेले भांडे घासून-पुसून, संस्कार करून शुद्ध होते, ते आतले. ज्यांनी जेवलेले भांडे कशानेही शुद्ध होत नाही, ते बाहेरचे. शक आणि यवन आतले ठरले. चांडाळ आणि मृतप बाहेरचे ठरले.

इतिहासाच्या अभ्यासकाने या निर्णयापुढे काही काळ थांबले पाहिजे. यवन परका होता. त्याची भाषा वेगळी, देव वेगळे, खाणे वेगळे. तो वेद मानत नव्हता. त्याने साकेताला वेढा घातला होता. तरीही त्याचे भांडे घासता येत होते. चांडाळ याच मातीतला, येथलीच भाषा बोलणारा, येथलीच मढी वाहणारा. त्याचे भांडे घासून भागत नव्हते. मग शुद्धाशुद्धतेचा संबंध आचाराशी आहे, धर्माशी आहे, की स्वच्छतेशी आहे? यांपैकी कशाशीच तो नाही. यवनाच्या हाती तलवार होती, टांकसाळ होती, व्यापार होता. चांडाळाच्या हाती काही नव्हते. व्याकरणाने या वस्तुस्थितीला नियमाचे रूप दिले. अस्पृश्यता वचनापर्यंत पोचली. ज्याला पंगतीत जागा नाही त्याच्या नावाला समासातही एकत्र जागा नाही.

मनुस्मृती याच्याही पुढे गेली. तिच्या १० व्या अध्यायात यवन, शक, कंबोज, द्रविड, किरात इत्यादींना मूळचे क्षत्रिय म्हटले आहे. संस्कार सोडल्यामुळे आणि ब्राह्मणांचे दर्शन न घडल्यामुळे ते शूद्रपणाला गेले, एवढाच त्यांचा दोष. म्हणजे परक्या राजांसाठी क्षत्रियत्वाची पुसट का होईना, वंशावळ तयार झाली. त्याच अध्यायात पाचवा वर्ण नाहीच, असे मनू बजावतो. पाचवा नाही म्हटल्यावर चांडाळाला वर्णात जागा उरत नाही आणि त्याची वस्ती गावाबाहेर ठरते. ग्रीकांना सामावून घेणारी व्यवस्था स्वतःच्या माणसांना सामावू शकली नाही. ‘भारतीय संस्कृती सर्वांना सामावून घेते’ हे वाक्य व्यासपीठावरून ऐकताना हा हिशेब आपण लक्षात ठेवावा.

५

आता हे यवन आपल्या महाराष्ट्रात काय करत होते ते पाहू. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासूनच्या व्यापारमार्गांची माहिती लिहिली. त्यात भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर सांगितले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांनी भडोचला जाई. म्हणजे मराठवाड्याच्या विणकराचा माल ग्रीक-रोमन जगाच्या बाजारात पोचत होता, आणि ज्यांच्या हातांनी तो विणला त्यांची नावे कोणीही लिहून ठेवली नाहीत.

यवनांची नावे मात्र राहिली, कारण त्यांनी ती लेण्यांत कोरली. महावंसाच्या परंपरेनुसार अशोकाच्या काळात अपरान्तात, म्हणजे कोकणाच्या बाजूला, धम्म सांगायला गेलेला भिक्खू धम्मरक्खित हा योनच होता. कार्ले येथील चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत. सिहधय, यसवधन अशी त्यांची नावे आहेत. ग्रीक वळणाचे एकही नाव नाही. त्याच चैत्याचे दार धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने केले. तेथेच सिहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचेही दान आहे. भिक्खुणींची दाने आहेत. खांबाला खांब लागून यवन, सुतार, गंधी, भिक्खुणी यांची नावे एका छताखाली आली. त्या काळच्या महाराष्ट्रात अशा नावांना एकत्र आणणारी दुसरी जागा दाखवणे कठीण आहे.

जुन्नरची दाने याहून बोलकी आहेत. तेथील इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी कोरवली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. पाणी आणि भोजन! ज्या दोन गोष्टींवर अस्पृश्यतेची सारी इमारत उभी आहे, नेमक्या त्याच दोन गोष्टी या परक्यांनी संघाला दिल्या. संघात आलेल्या भिक्खूला तू कोणत्या कुळातला असे विचारून पाणी दिले जात नव्हते. पतंजलीने भांड्यावरून माणसे आत आणि बाहेर केली. जुन्नरच्या भोजनमंडपात भिक्खू एका रांगेत जेवत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आपल्या माणसांसह पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी कोणत्या परंपरेला नकार दिला आणि कोणत्या परंपरेशी नाते जोडले, हे जुन्नरच्या टाक्यापाशी उभे राहिले म्हणजे समजते.

नाशिकच्या लेण्यांत तर हा संघर्ष एकाच डोंगरावर वाचता येतो. १७ व्या लेण्यातील लेखात उत्तरेकडील दत्तामित्री गावचा योनक इंद्राग्निदत्त सांगतो की, आपण आईवडिलांप्रीत्यर्थ लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी कोरवून चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दिली. त्याच्या बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे धम्मरक्खित. ३ ऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती आहे. शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, असे तो लेख अभिमानाने सांगतो. गंमत अशी की, हे लेणेही बौद्ध भिक्खूंनाच दान दिलेले आहे. राजसत्तेला भिक्खूंना लेणे देण्यात अडचण नव्हती. माणसे एकमेकांत मिसळली तर मात्र अडचण होती. आणि हा नियमही राजघराण्याला लागू नव्हता, कारण कान्हेरीच्या लेखावरून दिसते की, त्याच सातवाहन कुळातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक शकांची मुलगी होती. संकराची बंदी खालच्यांसाठी होती. वरच्यांसाठी त्याला तह म्हणत.

६

या सर्व विवेचनावरून यवन म्हणजे समतावादी आणि बौद्ध म्हणजे निर्दोष, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ॲरिस्टॉटलने काही माणसे स्वभावतःच दास असतात असे प्रतिपादन केले. मात्र दासपणा निसर्गात नसून केवळ कायद्याने आला आहे असे मानणारेही लोक आहेत, हे त्यालाच नोंदवावे लागले. प्लेटोने आदर्श राज्यात माणसांचे तीन वर्ग केले. १९३६ साली जातिव्यवस्थेच्या विध्वंसनाविषयी लिहिताना बाबासाहेबांनी प्लेटोवर नेमका हाच आक्षेप घेतला आहे. प्रत्येक माणूस वेगळा असतो. त्याला तीन किंवा चार कप्प्यांत कोंबता येत नाही. ग्रीक विद्वत्तेपुढे त्यांनी मान तुकवली नाही आणि ती परकी म्हणून नाकारलीही नाही. तिची परीक्षा केली.

आपल्याला प्रिय असलेल्या परंपरेचीही अशीच परीक्षा केली पाहिजे. संघाने उपाली या न्हाव्याला, सुनीत या सफाई करणाऱ्याला प्रवेश दिला. पण मालकाने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा विनयाचा नियम आहे. राजे आणि धनिक यांच्याशी संघाला जुळवून घ्यावे लागले, त्याची ही खूण आहे. भिक्खुणींवर अधिकचे आठ नियम लादले गेले. हे सांगितल्याने बुद्ध लहान होत नाही. मोठ्या विचारालाही त्याच्या काळाने कुठे अडवले, ते कळते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भारताला लोकशाही नवी नाही असे सांगितले आणि त्यासाठी अथेन्सचे नाव घेतले नाही, भिक्खुसंघाचे घेतले. ठराव, गणपूर्ती, मतदान हे सर्व संघात होते. आणि त्याच भाषणात त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशी विसंगती आपण फार काळ चालवली तर ही लोकशाही टिकणार नाही. अथेन्स हा त्या इशाऱ्याचा सर्वांत जुना पुरावा आहे. तेथे सभा होती, मत होते, भत्ता होता, उत्तम नाटके होती, आणि खाणीतला माणूस सभेत नव्हता. आपल्याकडे मत सर्वांना मिळाले. ते अथेन्सने कधीच दिले नव्हते. परंतु सभेतून घरी परतल्यावर कोणाचे भांडे वेगळे आणि कोणाची वस्ती गावकुसाबाहेर, हा प्रश्न मतपेटीने सुटलेला नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की, ग्रीक संस्कृतीचा पाठ शिकवताना पेरिक्लीसबरोबर निकिआसच्या १ हजार दासांविषयीही बोलावे आणि त्याच तासाला अस्सलायन सुत्त वाचून दाखवावे. विद्यार्थ्यांची सहल काढायची तर जुन्नरला आणि नाशिकच्या लेण्यांवर काढावी, आणि सोबत पतंजलीच्या भांड्याची गोष्ट सांगावी. कार्यकर्त्यांनी ‘लोकशाहीची जननी कोण’ या मानापमानाच्या वादात पडू नये. जननी कोणीही असो, तिने कोणत्या लेकराला बाहेर ठेवले, हा आपला प्रश्न आहे. सभेत कोण बसले हे इतिहासाने लिहून ठेवले आहे. टाके कोणी कोरले, पाणी कोणी भरले आणि ते कोणाला मिळाले नाही, हे लिहिण्याचे काम मात्र आपल्या पिढीला करावे लागेल.